पाट्याच्या भावात पट्टी

चोपड्याला माझं वेल्डिंगचं छोटं दुकान आहे. केळीवाले, कडबा तोडणारे सारखे कोयते मागायचे, म्हणून मागच्या उन्हाळ्यात तेही बनवायला घेतले. कोयत्याला ट्रकचा कमानपाटा, म्हणजे चाकावरच्या स्प्रिंगचा पोलादी पाटा लागतो. त्या पोलादात कार्बन साधारण अर्धा टक्का किंवा वर असतो, म्हणून ते पाणी धरतं, म्हणजे तापवून बुडवलं की कडक होतं. साध्या लोखंडाला कितीही पाणी पाजा, ते मऊच.

जळगावला एका भंगारवाल्याकडे गेलो. त्याने आधी रेल्वे रुळाच्या क्लिपा दाखवल्या. पोलाद चांगलं असतं, पण चोरीचा रेल्वेमाल बाळगणं १९६६ च्या कायद्याने गुन्हा आहे. मी हात लावला नाही, आणि तिथेच स्वतःला फार हुशार समजलो.

मग त्याने ढिगाच्या वरचा एक पाटा उचलून ग्राइंडरला धरला. ठिणग्यांना फुलबाजीसारखे फाटे फुटत होते. कार्बन असल्याची ती खूण, तो पाटा खराच होता. साध्या भंगाराच्या दुप्पट भावाने ८० किलो घेतला. रोख दिले, बिल मागितलं नाही.

पहिले सहा कोयते झकास झाले. सातवा एका मुकादमाने आणून ऐरणीवर आपटला. "भाऊ, हाऊ कोयता से का चमचा?"

धार तुटली नव्हती, मुडपली होती. तुटली असती तर पाणी जास्त झालं, चूक माझी, म्हणालो असतो. तरी आधी भट्टीलाच दोष दिला. चुंबक चिकटेनासं होईपर्यंत आणि वर थोडं तापवून पुन्हा ऑइलमध्ये बुडवला. कानस लोण्यातून जावी तशी गेली.

तेव्हा कुठे उरलेला माल एकेक करून ग्राइंडरला लावला. लांब, सरळ ठिणग्या. फाटे जवळपास नाहीतच. साधी लोखंडी पट्टी कमानीसारखी वाकवून जळकं ऑइल फासलेलं! खरवडल्यावर कडा दिसल्या. खऱ्या पाट्याच्या कडा गोलसर असतात, यांच्या चौकोनी. मधल्या बोल्टाचं भोकसुद्धा पाडलं होतं, आत गॅसकटरचे ताजे ओघळ. एवढी मेहनत कोयते बनवण्यात केली असती तर तो माझ्यापेक्षा बरा कारागीर ठरला असता. ८० पैकी ५५ किलो असाच निघाला.

परत घेऊन गेलो तर म्हणे, "भंगारात कसली गॅरंटी? बिल दाखवा."

आता मी ढिगाच्या तळातला तुकडा स्वतः उपसतो आणि प्रत्येक नगाची ठिणगी पाहतो. शंका आली तर टोक कापून लालबुंद तापवतो, पाण्यात बुडवतो, व्हाइसमध्ये धरून हातोडा मारतो. काचेसारखं तुटलं तर माल घेतो, वाकलं तर तिथेच ठेवतो. खऱ्या पाट्यालाही वर्षानुवर्षांच्या ओझ्याने बारीक चिरा पडलेल्या असतात, त्या घासून बघाव्या लागतात.

त्या मुकादमाला नवा कोयता फुकट दिला. पट्ट्या सरळ करून दुकानाच्या गेटला मारल्या. गेट मजबूत झालंय.