वाचन-तालमीचा व्हॉइस चॅनल: सेटिंग हाताने की एआय एजंटकडून?

जत्रेचे नाटक तोंडावर आले आहे. नायक वेर्ण्याच्या कारखान्यात पाळीवर, खलनायक वाळपईला, पेटीवाला पेडण्यात आणि एक कलाकार लंडनला. रात्रीच्या वाचनाला डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवरचा एक व्हॉइस चॅनल (एकत्र बोलण्याची खोली) पुरतो. त्याची सेटिंग मंडळातल्या कोणी मोबाइलवर करावी, की बॉट (प्रोग्रॅमने चालणारे खाते) जोडून एआय एजंटला (सांगितलेले काम स्वतः करणाऱ्या एआयला) मराठीतच सांगावी?

चॅनल एकच असेल तर हाताने करा, फार विचार नको. 'एडिट चॅनल' उघडले की बिटरेट (आवाजाला सेकंदाला किती डेटा), माणसांची मर्यादा आणि रिजन (आवाज कुठल्या भागातल्या सर्व्हरवरून जावा) एकाच पडद्यावर मिळतात. एजंटसाठी डिस्कॉर्डच्या डेव्हलपर पोर्टलवर ॲप्लिकेशन काढा, टोकन म्हणजे बॉटची गुप्त किल्ली जपून ठेवा (ती एकदाच दिसते), बॉटला मंडळाच्या सर्व्हरवर (डिस्कॉर्डवरच्या गटात) बोलवा, एमसीपीची (एजंटला बाहेरच्या सेवांशी जोडणाऱ्या पद्धतीची) जोडणी करा. तेवढ्यात पहिला अंक वाचून होतो.

तीन नाटके, पंधरा चॅनल आणि प्रत्येकाला वेगळी पात्रयादी असेल तर मात्र एजंट उजवा. त्याचा सर्वांत चांगला उपयोग बदल करण्यापेक्षा पाहणीला होतो. 'कोणते चॅनल सगळ्यांना उघडे आहेत, यादी दे' हे काम हाताने करताना कंटाळा येतो आणि एखादा चॅनल सुटतोच.

चुकते कुठे, तेही पाहा. पडद्यावर बिटरेट ६४ (हजारांत) दिसतो, पण एपीआयला (प्रोग्रॅमने डिस्कॉर्डला आज्ञा देण्याच्या वाटेला) पूर्ण ६४००० लागतात. एजंटने नुसते ६४ पाठवले तर विनंती परत येते, कारण किमान आकडा ८००० आहे. बूस्ट (पैसे देऊन मिळणाऱ्या जादा सोयी) नसलेल्या सर्व्हरवर कमाल ९६०००. संवादांना ६४ पुरतात, पदे म्हणायची असतील तर ९६ ठेवा. ६४ वर एका बोलणाऱ्याचा आवाज तासाला साधारण २९ एमबी खातो, हे मोबाइल डेटावर असलेल्यांनी लक्षात ठेवावे.

ही चूक लगेच कळते. परवानग्यांची चूक कळत नाही. चॅनल बदलताना परवानग्यांची यादी पाठवली की जुनी अख्खी यादी पुसून नवी बसते. एजंटने 'पेटीवाल्याला घे' म्हणून एकच नोंद पाठवली तर बाकीच्यांच्या नोंदी गेल्या. म्हणून आधी सध्याची यादी वाचून दाखवायला सांगा, मग एकच नोंद स्वतंत्रपणे बदलायला सांगा, आणि प्रत्येक बदलाआधी त्याने विचारलेच पाहिजे असे ठेवा.

बॉटला 'ॲडमिनिस्ट्रेटर' देऊ नका. 'व्ह्यू चॅनल', 'कनेक्ट' आणि 'मॅनेज चॅनल्स' पुरे. परवानग्याही बदलायच्या असतील तरच 'मॅनेज रोल्स'. खासगी व्हॉइस चॅनलमध्ये 'कनेक्ट' नसेल तर 'मॅनेज चॅनल्स' असूनही काही चालत नाही. नेमक्या याच अडचणीवर ॲडमिनिस्ट्रेटर मागितला जातो. ऑडिट लॉगमध्येही (बदलांच्या नोंदवहीत) नाव बॉटचे येते, त्याला कोणी सांगितले ते नाही.

रिजन ऑटोमॅटिक असेल तर चॅनलमध्ये पहिला जो शिरतो त्याच्या जवळचा सर्व्हर निवडला जातो. लंडनवाला आधी आला की वेर्णे-वाळपईचे संवादही युरोपला जाऊन परततात, आणि टाळीला टाळी मिळत नाही. रिजन 'इंडिया' करून टाका. हे हाताने केले काय, एजंटने केले काय, सारखेच.

पेटी मध्येच गायब होते, त्याला सर्व्हर जबाबदार नसतो. पेटीवाल्याच्या फोनमधले 'नॉइज सप्रेशन' वाद्याला गोंगाट समजते. ते त्यानेच बंद करायचे. एजंटचा हात तिथे पोचत नाही, 'झाले' असे त्याने कितीही सांगितले तरी.

डिस्कॉर्डऐवजी स्वतःचा मंबल (आवाजी गप्पांचे सॉफ्टवेअर) सर्व्हर असेल तर पारडे एजंटकडे झुकते. सेटिंग साध्या मजकुराच्या फाइलमध्ये असते, आधी प्रत काढली की मागे फिरता येते. राउटरवर पोर्ट ६४७३८ टीसीपी आणि यूडीपी या डेटा पाठवण्याच्या दोन्ही पद्धतींसाठी उघडा. यूडीपी उघडायचे राहिले तर जोडणी होते, पण आवाज टीसीपीवरून रखडत येतो. फाइल बदलूनही फरक पडला नाही, तर तीच किंमत डेटाबेसमध्ये आधी नोंदलेली असते आणि ती फाइलला मागे सारते; एजंटला तिथे बघायला सांगा. सर्व्हर पुन्हा सुरू केला की सगळे तुटतात, म्हणून हे काम वाचन चालू असताना नको. आणि घरच्या संगणकावर मंबल चालवणार असाल तर पावसाळ्यात वीज गेली की तालीमही गेली. इन्व्हर्टरवर संगणकाबरोबर राउटरही जोडा.