‘विक्रीसाठी नाही हो ताई’ म्हणून १२ किल्ले नेले

जुलै २०२५ मध्ये १२ मराठा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले आणि आम्हा चित्रं काढणाऱ्यांचे फोन वाजायला लागले. साल्हेरपासून सिंधुदुर्गापर्यंत ११ महाराष्ट्रातले आणि बारावा तमिळनाडूतला जिंजी. टी-शर्टवाले, कॅलेंडरवाले, दिवाळी भेटवस्तूवाले, सगळ्यांना एकदम किल्ले हवे होते. त्याच लाटेत एक गृहस्थ आले. नाव देत नाही, कारण प्रकरण मिटलेलं नाही. पद्धत मात्र सविस्तर सांगते. याच पद्धतीने आणखी काही जणांना गाठल्याचं मला मागाहून कळलं.

“ताई, आमचा ट्रेकिंगचा ग्रुप आहे. १२ किल्ल्यांची १२ चित्रं हवीत. १०० टी-शर्ट छापायचे, पोरांना वाटायचे. विक्रीसाठी नाही हो.” मग राजगडाच्या सुवेळा माचीवरचं नेढं, लोहगडाचा विंचूकाटा, साल्हेरची चढण यावर भरपूर गप्पा. माणूस खरोखर फिरलेला होता, त्यात खोट नव्हती. असल्या माणसाशी पैशाचं बोलताना आपल्यालाच अवघडल्यासारखं होतं, आणि हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

माझा दर दोन भागांत असतो. चित्र काढण्याचे पैसे वेगळे आणि ते वस्तूवर छापून विकण्याच्या परवानगीचे वेगळे. चित्राला लागणारा वेळ तोच असला, तरी ते १०० शर्टांवर जाणार की दुकानातल्या हजार मगांवर, यावर पुढची कमाई ठरते. त्या कमाईत चित्रकाराचा वाटा असायला हवा. फुकट वाटायच्या १०० टी-शर्टांना मी परवानगीचे पैसे लावत नाही. म्हणून फक्त चित्रांचे सांगितले, प्रत्येकी ४,०००. घासाघीस होऊन ३,००० वर आलं. एकूण ३६,०००, निम्मे आगाऊ. आगाऊ पैसे त्याच संध्याकाळी आले. असली माणसं ॲडव्हान्स कधी अडवत नाहीत.

आता त्याच्या वागण्यातल्या दोन गोष्टी. पहिली म्हणजे, लिहून विचारलेल्या प्रश्नाला तो लिहून उत्तर द्यायचा नाही. मी व्हॉट्सॲपवर लिहिलं, ‘१०० टी-शर्ट, विक्री नाही, बरोबर ना?’ दहा मिनिटांत त्याचा फोन: “अहो ताई, तेच तर सांगितलं ना.” रंग, मापं, किल्ल्याचे फोटो यांवर मात्र ढीगभर मेसेज. नग आणि विक्री हे दोन शब्द त्याच्या बाजूने एकदाही लिहिले गेले नाहीत.

दुसरी गोष्ट लेयर्सची. संगणकावर चित्र काढताना आभाळ, डोंगर, किल्ला असे एकावर एक सुटे थर ठेवतात, ते लेयर्स. त्याला सगळे थर एकत्र झालेली सपाट फाइल नको होती, लेयर्स सुटे असलेली मूळ फाइल हवी होती. कारण काय, तर “स्क्रीन प्रिंट आहे, प्रिंटरला रंग वेगळे करायचे असतात.” हे पटण्यासारखंच होतं. स्क्रीन प्रिंटला प्रत्येक रंगाची जाळी वेगळी लागते आणि प्रिंटरकडून अशी मागणी येतेही. पुढे त्याचा एक शर्ट हातात आला, तो निघाला डीटीएफचा, म्हणजे आधी फिल्मवर छापून मग उष्णतेने कापडावर चिकटवलेला. डीटीएफला पारदर्शक पार्श्वभूमीची एक फाइल पुरते, लेयर्सशी तिचा काही संबंध नाही. लेयर्स हवे होते ते आभाळ, डोंगर, माणसं आणि माझी सही बाजूला करून नुसता किल्ला कापून घ्यायला. एकदा किल्ला सुटा झाला की कपाखाली ठेवायच्या गोल कोस्टरवर बसतो, मगावर बसतो, फ्रिजच्या मॅग्नेटवरही बसतो.

उरलेले १८,००० त्याने यूपीआयवरून पाठवले आणि शेऱ्यात लिहिलं, ‘१२ चित्रे, पूर्ण व अंतिम’. तेव्हा हा माणूस फार व्यवस्थित वाटला.

दिवाळीत माझ्या मामेभावाला हिंजवडीच्या ऑफिसातून भेटीचा डबा मिळाला. १२ लाकडी कोस्टर, १२ किल्ले, डब्यावर किंमत १,२५०. त्याने कौतुकाने फोटो पाठवला, कारण त्याला शैली ओळखीची वाटली. सही कुठेच नव्हती. पण सुवर्णदुर्गाच्या तटाखाली मी एक होडी काढली होती आणि तिच्या शिडावर माझी आद्याक्षरं होती. ती किल्ल्याच्याच लेयरवर असल्याने शाबूत राहिली. मग शोधायला लागले तेव्हा प्रदर्शनांतल्या स्टॉलवर मग, कापडी पिशव्या, मॅग्नेट, टेबलावरचं कॅलेंडर, सगळं सापडलं.

किती डबे खपले हे मला कळायला मार्ग नाही. ५०० धरले तर ६,२५,००० रुपयांचा माल होतो. त्यावर नुसते पाच टक्के घेतले असते तरी ३१,२५०. म्हणजे अख्ख्या १२ चित्रांच्या जवळपास, तेही एकट्या कोस्टरवर.

फोन केला तर उत्तर तयार होतं: “ताई, पैसे पूर्ण दिलेत ना? चित्र आमचं झालं.” मी मनात म्हटलं, कायदा आपल्या बाजूला आहे. चित्र काढणारा तोच मालक, असं आमच्या क्षेत्रात सगळेच धरून चालतात. वकीलबाईंनी कॉपीराइट कायदा, १९५७ चं कलम १७ समोर ठेवलं. सर्वसाधारण नियम तोच आहे, पण खाली अपवाद आहेत. त्यातला (बी) म्हणतो की पैसे देऊन कुणाच्या सांगण्यावरून फोटो, पेंटिंग किंवा पोर्ट्रेट केलं असेल आणि उलट करार नसेल, तर पहिला मालक ते करवून घेणारा. संगणकावर काढलेलं चित्र पेंटिंगमध्ये मोडतं का, यावर वाद घालता येईल, पण तो कोर्टात घालायचा. तसा उलट करार झाला होता, पण तोंडी, आणि तो सिद्ध कसा करणार? त्याने प्रत्येक वेळी फोन का केला, हे त्या खुर्चीत बसल्यावर लख्ख कळलं.

हाताशी राहिलं ते कलम ५७. मालकी गेली तरी चित्र आपलं आहे असं सांगण्याचा हक्क चित्रकाराकडे राहतो. सही उडवणं तिथे अडचणीत येतं. नोटीस त्याच मुद्द्यावर गेली आहे. त्यावर १०,००० रुपये घ्या आणि ‘तक्रार नाही’ असं सही करून द्या, असा निरोप आला. सही केलेली नाही.

दुसऱ्या एका चित्रकाराच्या बाबतीत याच गृहस्थांनी ‘अकाउंट्सला लागतं’ म्हणून इंग्रजी व्हाउचरवर सही घेतली. खालच्या ओळीत सगळ्या वस्तूंसाठी, कायमचे, सगळे हक्क दिल्याचं लिहिलं होतं. हक्क सोपवायला कलम १९ प्रमाणे लेखी आणि सहीचा कागद लागतो, तो त्या पोराने पैसे मिळाल्याच्या आनंदात सही करून दिला. मुदत लिहिलेली नसेल तर कायदा पाचच वर्षं धरतो, म्हणून ‘कायमचे’ हा शब्द आठवणीने घातलेला.

माझ्या दरपत्रकात आता वस्तूचं नाव, नग, विक्री की वाटप, मुदत आणि ‘कॉपीराइट चित्रकाराकडे राहील’ ही ओळ असते. फोनवर ठरलेलं मी त्याच दिवशी ईमेलने पाठवते आणि ‘मान्य’ असं उत्तर आल्याशिवाय पेन्सिल उचलत नाही. ठरलेल्या नगांपुढे प्रत्येक नगाला वेगळी रक्कम. लेयर्सची फाइल हवी असेल तर तिचे पैसे चित्राइतकेच. यावर काही गिऱ्हाइकं गळतात. गळू देत.

गेल्या आठवड्यात माझ्या एका मैत्रिणीला त्याच माणसाचा फोन आला. या वेळी अष्टविनायक, आठ चित्रं, एका मंडळाच्या कार्यकर्त्यांना वाटायच्या पिशव्यांसाठी, विक्रीसाठी नाही. तिने माझ्याकडून दरपत्रकाचा नमुना घेतला, त्यात नग आणि वस्तू भरल्या आणि पाठवून दिलं. त्याने मान्यही लिहिलं नाही, अमान्यही नाही. फोन करून एवढंच विचारलं, “लेयर्स मिळतील ना ताई?”