ऑटो सायफन घेतला आणि कोम्बुचा नितळ झाला

ऐरोलीच्या घरी मी तीन वर्षं कोम्बुचा, म्हणजे आंबवलेल्या चहाचं पेय, करतेय. चहा आंबायला इथल्या हवेत सहा-सात दिवस पुरतात, त्यात कधी अडलं नाही. अडायचं ते बाटल्या भरताना. पाच लिटरच्या बरणीतून स्कोबी (चहा आंबवणारा बॅक्टेरिया आणि यीस्टचा जाड थर) काढली की वर सुरेख तांबूस पेय आणि तळाला यीस्टचा तपकिरी साका. बरणी जरा तिरपी केली की साका उठलाच. मलमलच्या फडक्यातून गाळून बघितलं, पण यीस्ट इतकं बारीक असतं की निसटतंच.

घरी बिअर करणारे बाटल्या भरण्याआधी ती थंडीत ठेवतात, म्हणजे साका तळाला बसतो, आणि मग नळीने वरची नितळ बिअर काढून घेतात. मीही तेच धरलं. स्कोबी आणि पुढच्या खेपेचं विरजण बाजूला काढायचं, बरणी फ्रिजमध्ये दोन रात्री, 4 अंशांच्या आसपास. बिअरवाले साका बसवायला जिलेटिनही घालतात, पण ते प्राण्यांपासून केलेलं. आमच्याकडे ते चालत नाही. सासूबाई बघत होत्या. म्हणाल्या, "अगं, आम्ही पाण्याच्या हंड्यात निवळीचं बी उगाळून घालायचो, तसंच ना हे?" म्हटलं, तसंच, इथे बियांचं काम थंडी करते.

आता ऑटो सायफन, म्हणजे पेय खालच्या बाटलीत उतरवायची नळी. 850 रुपयांना ऑनलाइन मागवला. जाड नळीच्या आत बारीक नळी, पिचकारीच्या दट्ट्यासारखी. दोनदा वरखाली केली की धार लागते, तोंडाने ओढावं लागत नाही. बरणी ओट्यावर, बाटल्या खाली पाटावर. नळीचं टोक बाटलीच्या बुडाला टेकवायचं, म्हणजे फेस होत नाही. तळाची छोटी टोपी पेय वरच्या बाजूने आत घेते, त्यामुळे साका जागचा हलत नाही. शेवटी पारदर्शक नळीत तपकिरी दोरा सरकताना दिसतो. दिसला की नळी दुमडून धरायची. बरणीत दोन बोटं पेय उरतं, ते झाडांना.

टोपी मात्र फार सैल आहे. दुसऱ्याच खेपेला निखळून तळाशी पडली, साका वर चढला आणि चार बाटल्या गढूळ झाल्या. विक्रेत्याला फोटो पाठवले, उत्तर नाही. आता दर वेळी दाबून बघते. उकळतं पाणी या प्लास्टिकला चालत नाही, वाकतं. कोमट पाण्याने लगेच धुवा, रबराच्या कडीखाली चिकटा राहतो.

एक सांगून ठेवते: फ्रिजमधला कोम्बुचा कधीकधी धुरकट दिसतो, तो चहातल्या टॅनिनमुळे. बाहेर ठेवला की निवळतो. त्याचं खापर सायफनवर फोडू नका.

नितळ झालं तरी फसफसायला पुरेल इतकं यीस्ट उरतंच. मी लिटरमागे 5 ग्रॅम साखर आणि तुर्भ्याच्या एपीएमसी बाजारातून आणलेल्या आल्याचा रस घालते. बाटल्या जाड काचेच्या, गोलच घ्या. चौकोनी दाबाने फुटतात. एरवी दोन दिवस बाहेर, मे महिन्यात एकच, की लगेच फ्रिजमध्ये.

एक-दोन लिटरच करत असाल तर घेऊ नका, पळीने भागतं. पाच लिटरला मी पुन्हा हाच घेईन, टोपी घट्ट असलेला मिळाला तर आधी तो.