मरळीसाठी शिमानो एसएलएक्स १५० एचजी रीळ

भिगवणकडे उजनीच्या फुगवट्यात जलपर्णी माजली की मरळ तिच्याखालीच दबा धरून बसते. वरून रबरी बेडूक ओढायचा, ती झेपावली की तिला खाली बुडी मारू न देता झाडोऱ्यासकट बाहेर खेचायचं. इथे नाजूक रीळ कामाची नाही. माझ्या आधीच्या स्वस्त रीळची फ्रेम प्लास्टिकची. जोर आला की वाकायची आणि हँडल फिरता फिरत नसे.

शिमानोची ही एसएलएक्स रीळ अमेरिकेत बास मासा पकडणाऱ्यांसाठी बनवलीय, पण आपल्या मरळीलाही चालते. बॉडी धातूची, गियर ७.२:१, म्हणजे हँडलच्या एका फेऱ्यात स्पूलच्या (दोरा गुंडाळायच्या चकरीच्या) सातहून जास्त फेऱ्या. ढिला दोरा झटकन गोळा होतो. ड्रॅग, म्हणजे दोरा सुटू लागण्याआधी रीळ पेलते तो ताण, ५ किलो. आकडा मोठा वाटत नाही, पण पूर्ण आवळून जाड ब्रेडेड दोरा भरला की माझं तरी भागतं.

खटकलं एवढंच, की आतले ब्रेक (फेकताना स्पूलचा वेग आवरणारे) बदलायला दरवेळी बाजूचं झाकण उघडावं लागतं. होडीत, ओल्या हातांनी, वैताग येतो! बेटकास्टर, म्हणजे अशी आडव्या स्पूलची रीळ, पहिल्यांदाच घेणाऱ्याने ब्रेक जास्त ठेवूनच सुरुवात करावी, नाहीतर सकाळ दोऱ्याचा गुंता सोडवण्यात जाते. आणि डावं-उजवं हँडल बघून घ्या, नंतर बदलता येत नाही.