इंडिकेटरचा अडकणारा स्विच : घरच्या दुरुस्तीनंतरचे आठ महिने

माझी दीडशे सीसीची मोटारसायकल नऊ वर्षांची झाली असून ती रोज चिपळूणहून लोटे परशुराम औद्योगिक वसाहतीपर्यंत जाऊन येते. परशुराम घाट, महामार्गाच्या कामाची तांबडी धूळ आणि जून ते सप्टेंबरचा पाऊस या तिन्हींचा मार गाडीच्या कोणत्या भागाने मुकाट्याने सोसला असेल, तर तो डाव्या मुठीजवळच्या स्विचांनी. गेल्या हिवाळ्यात त्यांतला इंडिकेटरचा स्विच अडकू लागला आणि फेब्रुवारीत मी तो घरीच उघडून साफ केला. त्याला आता आठ महिने झाले, मधे एक अख्खा पावसाळा गेला आणि गाडी साधारण सहा हजार किलोमीटर चालली. तेव्हा ही दुरुस्ती कितपत टिकली, हे आता खात्रीने लिहिता येईल.

आधी दुखणे नेमके काय होते ते सांगतो. बटण डावीकडे किंवा उजवीकडे सरकवायचे आणि बंद करताना आत दाबायचे, अशी बहुतेक मोटारसायकलींची रचना असते. माझ्या गाडीवर उजवीकडे सरकवताना अंगठ्याला जोर लावावा लागे, आणि बंद करण्यासाठी दाबले की बटण आतच रुतून बसे. हाताला ते बंद झाल्यासारखे वाटे, प्रत्यक्षात दिवा लुकलुकतच राही. मीटरवरची हिरवी खूण भर उन्हात दिसत नाही आणि माझ्या गाडीला आवाज करणारा बझरही नाही. एकदा लोट्याच्या फाटकाशी थांबलो असताना मागून आलेला एक मुलगा म्हणाला, ‘‘काका, इंडिकेटर बंद करा, घाटापासून चालू आहे तुमचा.’’ मी उगाच हसलो, पण मनातून चरकलो. आपल्याकडे महामार्गावर ट्रकवाल्याचा उजवा इंडिकेटर ‘मी वळतोय’ असाही वाचला जातो आणि ‘तू पुढे जा’ असाही. त्यात दुचाकीवाल्याचा विनाकारण चालू राहिलेला इंडिकेटर म्हणजे मागच्याला सरळसरळ चकवा.

पहिला उपाय अर्थातच गॅरेजचा. मेकॅनिकने स्विचच्या फटीत नळी घालून गंज सोडवणारा स्प्रे मारला, बटण दहा-वीस वेळा इकडून तिकडे केले आणि पैसेही घेतले नाहीत. स्विच लोण्यासारखा चालू लागला, तो जेमतेम तीन आठवडे. त्यानंतर तो पूर्वीपेक्षा जास्त अडकू लागला, आणि दुसऱ्या खेपेला ‘पूर्ण सेट बदलावा लागेल’ असा निर्वाळा मिळाला. मेकॅनिकला मी दोष देत नाही. दिवसाला पंधरा गाड्या पाहणाऱ्याने स्विचमधल्या स्प्रिंगा मोजत बसावे, अशी अपेक्षाच चुकीची आहे. मात्र स्प्रेने असे का झाले, ते स्विच उघडल्यावर कळले. या प्रकारातला सर्वांत प्रसिद्ध स्प्रे म्हणजे डब्ल्यूडी-४०, आणि त्याच्या नावातली डब्ल्यूडी ही अक्षरे ‘वॉटर डिस्प्लेसमेंट’ची, म्हणजे पाणी हटवण्याची आहेत. पातळ स्प्रे घट्ट झालेले ग्रीस थोडे विरघळवतो, ते कॉन्टॅक्टवर, म्हणजे वीज जोडणाऱ्या तांब्याच्या पट्ट्यांवर, ओढून नेतो आणि स्वतः उडून जातो. मागे जो ओलसर थर राहतो, त्याला नवी धूळ चिकटते. जिथे ग्रीस हवे तिथे ते उरत नाही, आणि जिथे नको तिथे जाऊन बसते.

उघडण्याचे काम फार अवघड नाही, पण घाईचे नाही. चावी काढून मी फ्यूजही काढून ठेवला. स्विचचे कवच दोन अर्धुकांचे असते आणि खालून दोन लांब स्क्रूंनी जोडलेले असते. एका अर्धुकाला आतून छोटी खुंटी असते, ती हँडलच्या नळीला पाडलेल्या भोकात बसते, म्हणून कवच फिरवून काढायचा प्रयत्न करू नये. हॉर्न आणि डिपरच्या तारा आत दाटीने बसवलेल्या असतात, तेव्हा प्रत्येक पायरीला मोबाइलवर फोटो काढला. इंडिकेटरचा भाग आत एका लहान स्क्रूने धरलेला होता. तो सैल करताक्षणी ‘टक्’ असा आवाज आला आणि काहीतरी उडाले.

तो होता छर्रा. बटण डावीकडे, मधे किंवा उजवीकडे थांबते, ते एका बारीक स्प्रिंगने दाबून धरलेल्या पोलादी छर्‍यामुळे. प्लास्टिकमधल्या तीन खाचांपैकी एकीत तो बसतो, आणि अंगठ्याला जाणवणारी ‘टिक’ त्याचीच असते. मोहरीपेक्षा थोडा मोठा तो छर्रा शोधण्यात माझा पाऊण तास गेला. जुन्या स्पीकरचे लोहचुंबक अंगणभर फिरवले आणि शेवटी तो माझ्याच चपलेत सापडला. त्यामुळे पुढे कुणी हे करणार असेल, तर सारे काम एका पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून करावे. दिसायला वेडगळ वाटते, पण पाऊण तास वाचतो.

आतले ग्रीस तपकिरी होऊन डिंकासारखे झाले होते आणि त्यात आमच्याकडची जांभ्याची बारीक तांबडी माती कालवली गेली होती. तांब्याच्या पट्ट्यांवर हिरवट थर चढला होता, उजवीकडच्या पट्टीवर जास्त. उजवे दिवे किंचित मंद का लागत, याचाही उलगडा झाला. मल्टिमीटरने मोजले तेव्हा त्या कॉन्टॅक्टचा रोध ०.९ ओहम भरला. पुढचा आणि मागचा मिळून १० वॅटचे दोन बल्ब, म्हणजे १२ व्होल्टवर साधारण पावणेदोन अँपिअर प्रवाह. इतक्या प्रवाहाला ०.९ ओहम म्हणजे जवळजवळ दीड व्होल्ट स्विचमध्येच खर्ची पडत होते. मी इतके दिवस बल्बला दोष देत होतो.

साफसफाईसाठी औषधाच्या दुकानात मिळणारा आयसोप्रोपिल अल्कोहोल, कान कोरायचे कापूस लावलेले बड्स आणि जुना टूथब्रश एवढे पुरले. अनेकजण पेट्रोल वापरतात, पण ते काही प्लास्टिक आणि रबरे खराब करते. रॉकेल मागे तेलकट पदर ठेवते. हिरवा थर मी शाळेच्या खोडरबराने घासला. पॉलिश पेपरचा मोह टाळला, कारण त्याने वरचा पातळ मुलामाही निघून जातो आणि मग गंज दुप्पट वेगाने चढतो. साफ केल्यावर तोच रोध ०.१ ओहमच्या आत आला.

ग्रीसच्या बाबतीत मात्र थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण दुरुस्ती टिकते ती इथे. मी सिलिकॉनचे डायइलेक्ट्रिक ग्रीस वापरले. नाव ऐकून पुष्कळांना वाटते की ते वीज वाहून नेते. प्रत्यक्षात ते वीजरोधक आहे. त्यामुळे छर्‍याची खाच, स्प्रिंगचे बीळ आणि सरकणारी प्लास्टिकची वाट इथे ते नीट भरायचे, आणि तांब्याच्या पट्टीवर नुसता हात फिरवल्याइतका पदर ठेवायचा, जो सरकता कॉन्टॅक्ट स्वतःच पुसून वाट काढतो. चाकाच्या बेअरिंगचे पिवळे ग्रीस इथे घालू नये, आणि ग्रॅफाइटचे काळे ग्रीस तर मुळीच नको. ते वीज वाहून नेते, म्हणजे डावा-उजवा एकत्र लागायची सोय.

जोडल्यावर पहिल्याच संध्याकाळी स्विच पुन्हा जड चालला आणि मी हिरमुसलो. कारण निघाले माझेच: कवचाचे स्क्रू मी इतके आवळले होते की दबलेले प्लास्टिक सरकत्या भागाला चिमटत होते. अर्धा आटा सैल केला आणि प्रश्न मिटला.

त्यानंतरचा अनुभव असा. मार्च ते मे या उन्हाळ्याच्या महिन्यांत स्विचकडे लक्ष द्यावे लागले नाही. खरी परीक्षा जुलैत होती. भर पावसात, रेनकोटच्या ओल्या बाहीतून अंगठा काढून बटण सरकवले तरी प्रत्येक वेळी ‘टिक’ स्पष्ट लागे आणि दाबल्यावर बटण लगेच वर येई. ऑगस्टच्या अखेरीस उजवीकडे किंचित जडपणा जाणवला, म्हणून सप्टेंबरात कवच पुन्हा उघडले. पाणी आत शिरले होते, पण पट्ट्या तांबूसच होत्या, हिरव्या नव्हत्या. वाटेवर थोडे ग्रीस लावून बंद केले. या वेळी सारे काम वीस मिनिटांत झाले. एक सवय मात्र सोडली: गाडी धुवायला नेली की प्रेशरच्या पाण्याचा झोत स्विचांवर मारू देत नाही. धुणाऱ्याला ते पटत नाही, तो दर वेळी विचारतोच.

ही दुरुस्ती प्रत्येक स्विचला लागू पडेल असे मी म्हणणार नाही. बटण हलवताना ‘टिक’ लागतच नसेल, ते लुळे पडले असेल किंवा आतली खाच झिजून गुळगुळीत झाली असेल, तर ग्रीसने काही होणार नाही. तिथे पूर्ण सेट बदलणेच योग्य, आणि तोही शक्य असेल तर कंपनीचा. शेजाऱ्यांनी स्वस्तातला डुप्लिकेट सेट बसवला, त्याच्या बटणावरची बाणांची खूण सहा महिन्यांत पुसली गेली. माझ्या स्विचमध्ये झीज नव्हतीच, होती ती फक्त वाळलेल्या ग्रीसची आणि मातीची अडचण, आणि नऊ वर्षांच्या गाड्यांत बहुधा हेच असते असा माझा अंदाज आहे. खर्च म्हणाल तर ग्रीसची लहान ट्यूब आणि अल्कोहोलची बाटली मिळून तीनशे रुपयांच्या आत. दोन्ही अजून अर्ध्याहून अधिक शिल्लक आहेत.

एक चूक मात्र राहून गेली. कवच उघडलेलेच होते, तेव्हा शेजारचे हॉर्नचे बटणही साफ करायला हवे होते. चालत्याला कशाला हात लावा, म्हणून ते सोडले. जुलैपासून ते दाबल्यावर अर्धा क्षण उशिरा वाजते. दिवाळीच्या सुट्टीत ते उघडायचे आहे. त्यात छर्रा नाही, पण स्प्रिंग आहे, तेव्हा पिशवी आत्ताच काढून ठेवली आहे.