बुटांचा खोका, दोन परीक्षा: पाच महिने वापरल्यानंतर

आधी वस्तू काय ते सांगते. बुटांचा रिकामा खोका, आत पुठ्ठ्याचे पाच कप्पे आणि इंडेक्स कार्डं. पुढे प्रश्न, मागे उत्तर. उत्तर आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलं की थेट पहिल्यात. पहिला कप्पा रोज काढायचा, दुसरा एक दिवसाआड, असं करत पाचवा महिन्यातून एकदा. लाइटनर पद्धत म्हणतात हिला. एकूण खर्च पाच-सहा डॉलर. जानेवारीत मी हा खोका माझ्या कॅनडाच्या नागरिकत्व परीक्षेसाठी केला आणि एप्रिलपासून तो लेकीकडे गेला, दहावीच्या सिव्हिक्सच्या (म्हणजे नागरिकशास्त्राच्या) फायनलसाठी. आम्ही ऑन्टारिओत राहतो.

माझ्या कामाला खोका फर्स्ट क्लास. २० प्रश्न, ४५ मिनिटं, १५ बरोबर हवेत. सगळे बहुपर्यायी नाहीतर चूक-बरोबर. सिनेटच्या (संसदेच्या वरच्या सभागृहाच्या) जागा १०५, नुनावुत हा उत्तरेकडचा प्रदेश झाला १९९९ मध्ये, बायकांना केंद्रात मत १९१८ पासून. भाजी चिरता चिरता पाठ झालं. त्याआधी एका ॲपमधला तयार संच घेतला होता. त्यात कॉमन्सच्या, म्हणजे खालच्या सभागृहाच्या, जागा अजून ३३८ (२०२५ च्या निवडणुकीपासून त्या ३४३ आहेत) आणि राष्ट्रप्रमुख म्हणून राणी! पैसे मोजून चुकीचं पाठ करण्यापेक्षा हाताने लिहिलेलं बरं, म्हणून हा खोका.

लेकीची गोष्ट निराळी निघाली. इथे सिव्हिक्स अर्ध्या क्रेडिटचा पण सक्तीचा विषय. उरलेलं अर्धं करिअर स्टडीजचं. ७० टक्के गुण कोर्सभराच्या कामाचे, ३० शेवटच्या मूल्यमापनाचे. तिने तीन आठवड्यांत माझी निम्मी कार्डं चौथ्या कप्प्यात ढकलली आणि मी खूश. मग वर्गात सराव प्रश्न आला: सिनेट ठेवावं की बरखास्त करावं, दोन्ही बाजू मांडा. आमच्या लेकबाईंनी तीन ओळी लिहिल्या. "आई, १०५ लिहून पुढे काय लिहू?" या प्रश्नाला माझ्याकडे कार्ड नव्हतं.

आणि खरं सांगायचं तर थोडा घोळ माझाही होता. पुण्यात असताना मी दोन वर्षं राज्यसेवेचा अभ्यास केलाय, सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत. 'बलवान केंद्र आणि शेषाधिकार केंद्राकडे, हे आपण कॅनडाकडून घेतलं' ही ओळ मला झोपेतही यायची. त्यामुळे मी बिनधास्त शिकवत सुटले: सिनेट म्हणजे इथली राज्यसभा. कसलं काय! राज्यसभेवर आमदार निवडून देतात, सहा वर्षांसाठी. सिनेटरला पंतप्रधानांच्या सल्ल्याने गव्हर्नर जनरल (राजाचे प्रतिनिधी) नेमतात आणि तो वयाच्या ७५ पर्यंत बसू शकतो. सिनेट रद्द करा म्हणणाऱ्यांचा सगळा मुद्दा याच फरकात आहे. दुसरी चूक याहून भारी. भारतासारखंच इथेही पंतप्रधानाने सहा महिन्यांत संसदेचं सदस्य व्हायलाच हवं, असं मी कार्डावर ठोकून दिलं होतं. लेकीने त्यावर काट मारून लिहिलं, 'पंतप्रधान कार्नी: शपथ १४ मार्च २०२५, तेव्हा खासदार नव्हते. निवडून आले २८ एप्रिलला.' इथे सहा महिन्यांचं कलम नाही. सभागृहात जागा मिळवावी हा संकेत आहे, लिहिलेला नसूनही पाळला जाणारा. तिला 'संकेत' म्हणजे काय ते त्या काटेतून कळलं.

मग आम्ही कार्डांची जातच बदलली. पुढे प्रश्न नाही, घरातली गोष्ट. आमच्या गल्लीतला बर्फ कोण काढतं? नगरपालिका. बाबांचं ड्रायव्हिंग लायसन्स? प्रांत. पासपोर्ट? ओटावा, म्हणजे केंद्र. हॉस्पिटलवर मात्र अर्धा तास वाद झाला: चालवतो प्रांत, पण केंद्र पैसे देतं आणि त्याला अटी जोडतं. पोलिसांचं कार्ड सगळ्यात छळवादी. शहराचे किंवा रीजनचे (जिल्ह्यासारख्या भागाचे) पोलीस वेगळे, प्रांताचे वेगळे, आणि वर केंद्राचं आरसीएमपी. एकाच शब्दाला तीन उत्तरं.

सगळ्यात कामाला आलं ते एक कार्ड: 'नोव्हेंबर २०२२, शाळा का बंद होती?' ती तेव्हा सातवीत होती, घरी बसल्याचं तिला पक्कं आठवत होतं. प्रांत सरकारने शाळांतल्या सहायक कर्मचाऱ्यांवर कायद्याने करार लादला, संपाला बंदी घातली आणि कोर्टात अडायला नको म्हणून हक्कांच्या सनदेचं (चार्टरचं) कलम ३३ वापरलं. कर्मचारी तरीही बाहेर पडले. शेवटी सरकारने कायदा मागे घेतला. मागच्या बाजूला तिने स्वतःच लिहिलं: कलम ३३ ने कलम २ आणि ७ ते १५ बाजूला ठेवता येतात, एका वेळी पाच वर्षं, मतदानाचा हक्क मात्र बाजूला ठेवता येत नाही. आणि खाली छोट्या अक्षरांत, 'पाचच वर्षं का? कारण तेवढ्यात निवडणूक होतेच.' हे तिने कुठे पाठ केलं नव्हतं, जेवताना बोलता बोलता सुचलं.

तक्रारीही आहेत. नऊ-दहा आठवड्यांच्या कोर्सला पाच कप्पे जास्त होतात, तीन पुरेत. विधेयकाचा प्रवास (तीन वाचनं, समिती, मग सिनेट, शेवटी राजसंमती) कार्डात बसतच नाही. तो आम्ही कागदाच्या लांब पट्टीवर लिहून फ्रिजला चिकटवला. आणि धाकट्याने एकदा सात कार्डांचा बंगला बांधला, त्यातली दोन अजून सापडलेली नाहीत.

फायनलला कलम ३३ आलं. तिने दीड पान लिहिलं आणि त्या प्रश्नाला चांगले गुण मिळाले. जागांचा आकडा फक्त एका प्रश्नात विचारला होता.

खोका आता नवऱ्याकडे गेलाय. पाच वर्षांत १०९५ दिवस इथे राहिल्याची त्याची अट भारताच्या लांबलेल्या खेपांमुळे उशिरा पुरी झाली, म्हणून त्याची परीक्षा आता आहे. आकडे त्याला भराभर येतात. पोलिसांचं कार्ड त्याच्याकडेही पहिल्याच कप्प्यात आहे.