ड्युटेरॉन घ्यावा की हेलियम-३?

हलक्या केंद्रकांवर ईटा मेसॉनची (एका अल्पायुषी कणाची) निर्मिती, हा संशोधनाचा विषय ठरलाय. टार्गेट, म्हणजे ड्युटेरॉन (एक प्रोटॉन, एक न्यूट्रॉन) घ्यावा की हेलियम-३ (दोन प्रोटॉन, एक न्यूट्रॉन), तेवढं ठरत नाही, असं सांगत नागपुरातल्याच दोघा विद्यार्थ्यांनी यंदा मला गाठलं. मी दोन्हींवर हात भाजलेत, म्हणून लिहितो.

खरी गंमत हेलियम-३ मध्ये आहे, हे आधीच कबूल करतो. प्रोटॉन-ड्युटेरॉन टकरीतून हेलियम-३ आणि ईटा बाहेर पडतात तेव्हा थ्रेशोल्डच्या (ईटा तयार व्हायला लागणाऱ्या किमान ऊर्जेच्या) वर जेमतेम १ एमईव्हीत क्रॉस सेक्शन (प्रक्रिया घडण्याच्या शक्यतेचं माप) झपकन चढतं आणि सपाट होतं. १९८६ मध्ये हैदर आणि लिऊ यांनी ईटा केंद्रकात अडकू शकेल असं मांडलं. त्यांचा हिशेब कार्बनपासून पुढचा होता, पण हा चढ पाहून हेलियमबद्दलही तोच प्रश्न मनात येतोच. फोटॉनने सुरुवात करणार असाल तर आणखी एक मुद्दा: १५३५ चा रेझोनन्स (प्रोटॉन-न्यूट्रॉनची १५३५ एमईव्हीची उत्तेजित अवस्था, जिच्यातून ईटा निघतो) फोटॉनने उठतो तो बहुतांशी आयसोव्हेक्टर मार्गाने (प्रोटॉन आणि न्यूट्रॉनवर उलट चिन्हाने), आणि ड्युटेरॉनचा आयसोस्पिन (प्रोटॉन-न्यूट्रॉन भेद मोजणारी पुंजसंख्या) शून्य, म्हणजे दोघांचे वाटे एकमेकांना खोडतात. म्हणून ड्युटेरॉन अखंड ठेवून ईटा काढायला गेलात तर हाती फार थोडं लागतं.

तरी मी हेलियम सोडलं, ते एका फाइलपायी. तीन न्यूक्लिऑन्सचं (प्रोटॉन-न्यूट्रॉनचं) वेव्ह फंक्शन, म्हणजे त्यांची क्वांटम अवस्था सांगणारं गणित, दुसऱ्याने सोडवलेलं, आकड्यांच्या जाळीत आलेलं. स्पिन कोणत्या जोडीचे आधी जोडलेत, याची एक ओळ नाही. नॉर्मलायझेशन (एकूण संभाव्यतेची बेरीज) १ येत होतं, म्हणून शंकाही आली नाही; उत्तर मात्र चुकत होतं. मे महिना, कूलरमध्ये पाणी भरायचं, लाइट गेली की इंटिग्रल पुन्हा पहिल्यापासून. दोन महिने मी माझ्याच प्रोग्रॅममधली चूक शोधत बसलो, आणि निघाली ती जोडणीच्या क्रमात.

ड्युटेरॉनच्या वेव्ह फंक्शनला पॅरिस पोटेन्शियलचा (न्यूक्लिऑन्समधल्या बलाच्या एका प्रारूपाचा) १९८१ चा तक्ता आहे. एस आणि डी (कोनीय संवेग ० आणि २) अवस्थांसाठी १३-१३ पदं, शेवटचे सहगुणक अटींवरून आपणच काढायचे. डी अवस्था ५.७७ टक्के आली की आपण बरोबर आहोत हे त्याच दुपारी कळतं.

आणि सोपं म्हणून हे उथळ नाही बरं का. ड्युटेरॉन फुटला तर शेवटी ईटा, प्रोटॉन, न्यूट्रॉन असे तीनच कण. फादेयेव समीकरणं (तीन कणांचा प्रश्न नेमका मांडणारी) पूर्ण सोडवता येतात. हेलियमला ईटा जोडला की चार होतात आणि कुठेतरी काटछाट करावीच लागते. ईटा-न्यूक्लिऑन स्कॅटरिंग लेंग्थची (कमी ऊर्जेला ते दोघे एकमेकांवर किती परिणाम करतात याच्या मापाची) अनिश्चितता दोन्हीकडे सारखीच छळते, तिथे निवडीला वाव नाही.

गाइडकडे स्वतःचा तीन-कणांचा कोड असेल आणि तो लिहिणारा अजून फोन उचलत असेल, तर हेलियम जरूर घ्या. नसेल तर, मला विचाराल तर, ड्युटेरॉन.